घडणावळ वेगळी

मराठी माणसाच्या हातात रिकामा वेळ आणि कागदाचा तुकडा एकाच वेळी आले की त्या कागदाचं काही खरं नसतं. एसटीचं तिकीट सिन्नर येईपर्यंत नखाएवढं होतं. दवाखान्यातली नंबरची चिठ्ठी आधी पंखा होते, मग होडी होते, आणि आत बोलावणं आलं की डॉक्टरांच्या टेबलावर ती उलगडून, तळहाताने दाबून, आकडा सतराचा आहे की एकाहत्तरचा यावर चर्चा होते. जुनी मंडळी तर तिकिटाची बारीक पुंगळी करून बोटातल्या अंगठीत खोचायची. तपासनीस गाडीत चढला की बाकीच्यांची खिसे चाचपण्याची धांदल उडायची, आणि हे नुसता हात पुढे करायचे. तोही असा, की तिकिटाआधी अंगठी दिसावी. कागद दागिन्याच्या शेजारी जाऊन बसला तो तिथे.

तसं सोनं परवडेना म्हणून आपलं कधी अडलेलं नाही. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला आपण साखरेच्या हलव्याने मढवतो. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतो. नवरदेवाच्या कपाळावरचं पारंपरिक बाशिंग बघावं, तर कागद, भेंड आणि वर बेगड. म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला माणूसही ज्याची एवढी वाट बघत असतो, तो शेवटी कागदच.

मात्र कागदाच्या साखळ्या आणि माळा यांचा नाशिकमध्ये राहून थोडा अभ्यास केला, की एक सिद्धान्त हाती लागतो. कागद जितका स्वस्त तितकी साखळी लांब आणि ती करणारी माणसं खूश. कागदाची किंमत वाढत गेली की साखळी आखडत जाते आणि हिशेब लांबत जातो. हा सिद्धान्त तपासायला नाशिकइतकं सोयीचं गाव दुसरं नाही, कारण फुकटातल्या रद्दीपासून देशातल्या सर्वांत महागड्या कागदापर्यंत सगळ्या प्रतवाऱ्या इथे घरच्या आहेत.

सुरुवात फुकटापासून करू. फुकट कागदाचं माहेर म्हणजे शाळेतला कार्यानुभवाचा तास. बाई आदल्या दिवशी सांगतात, "उद्या जुन्या वहीचे कागद आणि खळ आणा." मुलगा हे घरी रात्री साडेनऊला सांगतो. मग 'गावकरी' नाहीतर 'देशदूत'चे जुने अंक बाहेर निघतात, आई कणकेची खळ शिजवते, आजी म्हणते की खरी खळ चिंचोक्याची, कणकेच्या खळीला उंदीर लागतात, आणि वडील फेविकॉलची बाटली उलटी धरून ती संपल्याचं जाहीर करतात. दुसऱ्या दिवशी वर्गात पट्ट्या कापल्या जातात. एका पट्टीचं कडं, त्यात दुसरी पट्टी, तिचं कडं, त्यात तिसरी. वर्तमानपत्राच्या या साखळीत लासलगावच्या कांद्याचा भाव एका मंत्र्याच्या आश्वासनात अडकतो आणि आश्वासन निधनवार्तेत. पूर्ण पानावर जे संबंध दिसत नाहीत ते कडीला कडी लावली की दिसायला लागतात.

या साखळीचं वैशिष्ट्य असं, की ती सुंदर झाली का, हे कोणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो : किती लांब झाली? पाचवी अ ची साखळी पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली, हे कळल्यावर पाचवी ब मध्ये भूगोलाच्या तासाला बाकाखाली कड्या तयार होतात. साखळी तुटली तर कोणी हळहळत नाही; तुटलेली दोन टोकं जोडायला एक पट्टी जास्त लागते, म्हणजे लांबीच वाढते. घटस्थापनेपर्यंत या साखळ्या वर्गात लोंबतात. खळ कणकेची असेल तर खालच्या कड्या त्याआधीच उंदरांनी नेलेल्या असतात. म्हणजे आजीचं बरोबर होतं, पण तिला ते कोणी सांगत नाही.

या पायरीवर पैसा नाही, त्यामुळे भांडण नाही. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस जो पतंगांचा धुमाकूळ चालतो, तिथेही कागद पातळ आणि माणूस दिलदार असाच मामला असतो. पतंग कटला की ओरडायचं आणि दुसरा बांधायचा. पतंगाचा कागद कधी वारसाहक्कात आल्याचं ऐकिवात नाही.

दुसरी पायरी रावळगावची. मालेगाव तालुक्यातल्या या गावात वालचंद हिराचंदांनी १९३३ साली उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, आणि १९४२ पासून तिथे गोळ्या-चॉकलेटं होऊ लागली. पुढे 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' देशभर गेली. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या एका अख्ख्या पिढीला वाटायचं, की गोळीला रावळगावच म्हणतात. "दोन रुपयांची रावळगावं द्या" असं दुकानात म्हटलं जायचं आणि दुकानदारही ते सहज द्यायचा.

गोळी तोंडात गेली की उरायचं ते वेष्टण. कागद थोडा मेणचट, त्याला घडी चांगली बसते. त्याची साखळी करायला खळ लागत नाही, कात्री लागत नाही, बाईही लागत नाहीत. वेष्टण नखाने सपाट करायचं. लांबीच्या दोन्ही कडा मधल्या रेघेवर आणायच्या आणि पुन्हा मिटायचं, म्हणजे चारपदरी अरुंद पट्टी होते. मग ती आडवी मधोमध दुमडायची आणि दोन्ही टोकं परत आत वळवायची. झाला इंग्रजी व्ही अक्षराचा एक मणी, ज्याच्या दोन्ही पायांत एकेक खाच. एका मण्याचे पाय दुसऱ्याच्या खाचांत घालून ओढायचे. अशी नागमोडी माळ तयार होते, जी ताणली तरी सुटत नाही. एका मण्यामागे माळ जेमतेम सेंटिमीटरभर पुढे सरकते. गळ्यात पडेल एवढी माळ करायची तर पन्नास-साठ वेष्टणं हवीत, म्हणजे आधी पन्नास-साठ गोळ्या खायला हव्यात. कलेसाठी इतका गोड त्याग दुसऱ्या कुठल्या कलाप्रकारात करावा लागत असेल असं वाटत नाही. "गोळी मी खाते, कागद तू घे" अशा मैत्र्या याच काळात जुळायच्या, आणि "गोळी मी खातो, कागदही मीच घेणार" यावर तुटायच्या.

कागद किंचित महाग झाल्याबरोबर हा फरक पडतो. रद्दीची साखळी वर्गाची होती. वेष्टणाची माळ एकटीची झाली. तिचा मालक ठरला. ती कंपासपेटीत कुलूपबंद झाली आणि मधल्या सुट्टीत दोन मणी कमी भरले म्हणून चौकशी बसली.

या घडीचं वेड जगभर आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचच्या गॅरी डशल या गृहस्थांनी १९६५ साली, शाळेत असताना, चुइंगमच्या वेष्टणांची साखळी करायला घेतली आणि पुढे ती थांबवायची ते विसरले. आज तिची लांबी तीस किलोमीटरच्या पुढे आहे. गिनीज बुकात त्यांची नोंद आहे. ही साखळी इथे आणून उलगडली तर सीबीएस स्थानकापासून निघून त्र्यंबकेश्वराच्या दारी पोचेल, आणि श्रावणी सोमवारची दर्शनाची रांग आवरायलाही थोडी उरेल. आपल्याकडे आणखी जुनं नाव घ्यायचं तर मद्रासकडचे टी. सुंदर राव. हे महसूल खात्यातले अधिकारी. १८९३ साली त्यांनी कागदाच्या घड्या घालून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं आणि ते युरोप-अमेरिकेतल्या गणितज्ञांपर्यंत पोचलं. महसूल खात्यातल्या माणसाला कागदाची घडी घालायचा सराव असणार, हे आपण समजू शकतो. त्या घड्यांतून भूमिती बाहेर पडू शकते, हे त्या खात्यात पुन्हा कोणाच्या अनुभवाला आलेलं नाही. कागदाच्या लांब पट्टीला साधी गाठ मारून ती हलक्या हाताने दाबली तर नेमका पंचकोन तयार होतो. जुन्या एसटीच्या तिकिटावर हा प्रयोग उत्तम व्हायचा; फक्त त्या पंचकोनात भाड्याचा आकडा कायमचा आत जायचा आणि तपासनिसाला भूमितीत रस नसायचा.

रावळगावची ती मिठाई २०२४ च्या फेब्रुवारीत सत्तावीस कोटींना रिलायन्सकडे गेली. त्याच्या कितीतरी आधी गोळ्यांची वेष्टणं प्लास्टिकची झाली होती. प्लास्टिकला घडी घातली की ते हळूच पुन्हा उलगडतं. त्याच्या अंगात शिस्त नाही. माळांची ती परंपरा तिथे संपली, आणि त्यासाठी मालक बदलण्याची गरजही पडली नाही.

तिसऱ्या पायरीवर कागद विकत आणावा लागतो. घोटीव कागद, क्रेप कागद, टिंटेड कागद. मोसम गणपतीचा. मधली काही वर्षं मखर म्हटलं की थर्मोकोल, हे ठरून गेलं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याने प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आणली आणि कागदाचे दिवस पुन्हा आले. मेनरोडवर, दहीपुलाकडे, शालिमारला कागदी माळांच्या जुड्या टांगल्या गेल्या. मिटलेल्या असताना त्या बोटभर जाडीच्या असतात, दोन पुठ्ठे धरून ओढल्या की हातभर होतात आणि परत मिटायला सांगितलं तर कधीच मिटत नाहीत. रविवार कारंजावरच्या मंडळाचा गणपती चांदीचा आहे, त्यांना कागदाची पत्रास नसेल. पण सोसायटीच्या पार्किंगमधला गणपती कागदावरच उभा असतो.

सोसायटीची सभा भरते. सेक्रेटरी म्हणतात, "यंदा पर्यावरणपूरक. सगळं कागदाचं. साखळ्या आपणच करू."

"आपण म्हणजे कोण?" हा प्रश्न मागच्या खुर्चीवरून येतो.

"म्हणजे लहान मुलं करतील."

लहान मुलांना परीक्षा असते. त्यामुळे साखळ्या करायला बसतात सेवानिवृत्त मंडळी आणि ज्यांना 'जरा वेळ या' म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही अशा काकू. पहिल्या दिवशी एकही कडी होत नाही, कारण एक काका वीज मंडळातून निवृत्त झालेले असतात आणि त्यांच्या हातात मेजरिंग टेप असते.

"बारा बाय दहाचा मांडव. म्हणजे परीघ चव्वेचाळीस फूट. झोळ किती द्यायचा?"

"अहो, लावल्यावर कळेल ना."

"तसं नसतं, वहिनी. धरा सहा फूट. पन्नास फूट झाले. म्हणजे सहाशे इंच. आठ इंची पट्टीचं कडं साधारण अडीच इंच व्यासाचं होतं. म्हणजे दोनशे चाळीस कड्या. धरा अडीचशे."

एवढं बोलून काका घरी जातात. अडीचशे कड्या वहिनी करतात.

घोटीव कागदाच्या साखळीत पहिल्यांदाच हिशेब शिरतो, तो असा. पावती येते. लाल कागद जास्त का आला, चंदेरी कोणी सांगितला होता, स्टेपलरच्या पिना कुठल्या खात्यात टाकायच्या, हे प्रश्न निघतात. ए विंग आणि बी विंग दोन्ही टोकांकडून साखळी करत येतात आणि मध्यावर भेटतात तेव्हा एकीच्या कड्या बांगडीच्या मापाच्या असतात, दुसरीच्या जोडव्यांच्या. आता दोष कागदाचा नाही हे दोघींनाही माहीत असतं, पण दोघी कागदाकडेच रागाने बघतात.

साखळी टांगली जाते. ती पंख्याच्या नेमकी चार बोटं खाली येते, त्यामुळे दहा दिवस पंखा बंद. भाद्रपदातला उकाडा, वर आरतीची गर्दी, त्यात कापूर. कापराच्या ज्वाळेवर नजर ठेवायला एक माणूस वेगळा नेमावा लागतो. तो टाळ्या वाजवत नाही, फक्त साखळीकडे बघतो. बाहेर पाऊस पडत असतो. दमट हवेने कागद सैल पडतो आणि काकांनी सहा फूट धरलेला झोळ चौथ्या दिवशी नऊ फूट होतो. ज्या उंचीवर साखळी सुरुवातीला कोणाच्याच डोक्याला लागत नव्हती, तिथे आता ती फक्त सेक्रेटरींच्या टकलावर टेकते. याबद्दल समाधान व्यक्त करणारे लोक दोन्ही विंगमध्ये असतात.

अनंत चतुर्दशीनंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "टाकू नका, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल." साखळी पोत्यात भरून वॉचमनच्या खोलीवरच्या माळ्यावर जाते. अशी वर्षानुवर्षांची पोती एकत्र केली तर गॅरी डशल यांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी नाशिकमध्येच सापडेल. पुढच्या वर्षी पोतं कोणी उघडत नाही, कारण पुढच्या वर्षी काकांनी नवी मापं काढलेली असतात.

चौथी पायरी कागदाला थेट गळ्यात घेऊन येते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड या पट्ट्यात कधीही गेलं तर एखादी तरी क्विलिंग दागिन्यांची कार्यशाळा चालू असते. तीन मिलिमीटरच्या रंगीत पट्ट्या सुईला गुंडाळायच्या, त्यांच्या चकत्या करायच्या, चकत्यांना चिमटा काढून पानाचा, थेंबाचा आकार द्यायचा, वर वार्निशचे दोन हात. कानातले, पेंडंट, तन्मणी, झालंच तर चिंचपेटी. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोनं लाखाच्या वर गेलं आणि तेव्हापासून या कार्यशाळांची फी भरताना नवरे मंडळी जो उत्साह दाखवतात, तो त्यांनी कुठल्याही कलेबाबत आधी दाखवला नव्हता. "शीक ना, खूप स्कोप आहे त्यात," असं म्हणणाऱ्या नवऱ्याच्या डोळ्यांपुढे स्कोप नसतो, सराफाचं बिल असतं.

कागदी नेकलेसची एक अडचण आहे. सोन्याचा दागिना घातल्यावर 'हे सोनं आहे' असं सांगावं लागत नाही. कागदाचा घातला तर हळदीकुंकवाला आल्या आल्या सांगावं लागतं, "अगं, कागदाचा आहे!" नाहीतर समोरचीला तो बेन्टेक्सचा वाटतो, आणि ती शंका निघेपर्यंत चेहऱ्यावरचं हसू टिकवायचं असतं. कळलं की कौतुक होतं. "कागदाचा? खरंच? हात लावू?" सोन्याच्या हाराला हात लावायला कोणी अशी परवानगी मागत नाही, तो बोटांत धरून आधी वजनाचा अंदाजच घेतला जातो.

दुसरं म्हणजे हिशेब इथे चांगलाच लांबतो. साहित्य शंभराच्या आतलं, किंमत त्याच्या चौपट. विचारलं तर उत्तर मिळतं, "मेहनत आहे ना!" सराफ बाजारातही हेच उत्तर मिळतं, फक्त तिथे त्याला घडणावळ म्हणतात आणि ती टक्क्यांत असते. दोन्हींतला खरा फरक गोदावरी दाखवते. तिच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला आला की सराफ बाजारात पाणी शिरतं. सोनं पुरातून निघतं ते सोनंच. क्विलिंगच्या चिंचपेटीची मात्र परत पट्टी होते, आणि तीही न वापरता येण्याजोगी. म्हणून या दागिन्यांसोबत एक सूचना येते : घाम, पाऊस आणि अत्तर यांपासून दूर ठेवा. नाशिकच्या लग्नात या तिन्हींपासून एकाच वेळी दूर राहायचं, तर लग्नाला न जाणं एवढाच मार्ग उरतो.

आणि लग्न म्हटलं की सगळ्यात वरची पायरी येते.

नाशिक रोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला. तोवर आपली टपाल तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची, ती इथे छापली जाऊ लागली. १९२८ साली शेजारीच नोटांचा छापखाना आला आणि पाच रुपयांच्या नोटेपासून त्याने सुरुवात केली. तेव्हापासून नाशिकचा माणूस परगावी गेला की द्राक्षं, चिवडा आणि "तुमच्याकडे नोटा छापतात ना?" या तिघांतून त्याची सुटका नाही. हो म्हटलं की पुढचा विनोदही ठरलेला असतो, तो ऐकून घ्यावा लागतो.

या कागदाचा थाट काय वर्णावा! तो लाकडाच्या लगद्याचा नसतो, शंभर टक्के कापसाचा असतो. आत जलचिन्ह, मधून सुरक्षा धागा, पाठीमागे पंधरा भाषांतल्या मजकुराची पट्टी. छापखान्याभोवती उंच भिंती, आत जाता-येता झडती, प्रत्येक ताव मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा. इतक्या बंदोबस्तात जन्मलेली दहाची नोट रिझर्व्ह बँकेत जाते, तिथून बँकांमध्ये, आणि देश फिरून लग्नसराईत पुन्हा नाशिकच्या बाजारात येते. तिथे पाटावर बसलेला एक माणूस तिला दोन बोटांत धरतो आणि तिच्या बारीक चुण्या पाडून पंखा करतो. त्याच्या कमरेला दोरा आवळतो, पंखा सॅटिनच्या फितीवर बसवतो आणि पुढची नोट उचलतो. कोणार्कचं सूर्यमंदिर चुणीत जातं. वीसची नोट असेल तर वेरूळचं लेणं, जे आपल्या पूर्वजांनी डोंगर फोडून उघडं केलं, ते परत मिटतं.

नोटांचा हार म्हणजे घडीच्या दागिन्यांतला राजा. तो नवरदेवाच्या, पुढाऱ्याच्या, शर्यत जिंकलेल्या बैलाच्या गळ्यात पडतो. त्यातल्या एकट्या बैलाला तो सोडवून मोजावासा वाटत नाही. २०१० साली लखनऊच्या सभेत मायावतींना घातलेला हजाराच्या नोटांचा हार देशभर गाजला. तो गळ्यात घातला होता की त्याच्या आत उभं राहायचं होतं, हे फोटोवरून ठरवणं कठीण होतं. आपल्याकडे मामला दहा-वीसचा. पण सिद्धान्ताचा कस इथेच लागतो.

हार देण्याआधीच वाटाघाटी सुरू होतात. "मामा, हार तुमच्याकडून ना?" यावर मामा जे 'हो' म्हणतात त्यात दुःख असतं. दुकानात मामा पहिल्यांदा लांबी विचारत नाहीत, नोटा किती ते विचारतात. एक्कावन्न दहाच्या. म्हणजे पाचशे दहा. दुकानदार आठशे सांगतो.

"अहो, पाचशे दहाच्याच नोटा आहेत ना!"

"कोऱ्या आहेत, मामा. कोऱ्या मिळतात कुठे आता? आणि घडणावळ वेगळी."

लोकांना पैशांवर व्याज देणारी बँक माहीत असते. पैसे विकत घ्यायला पैसे मोजणारा माणूस फक्त लग्नसराईत दिसतो. हार थोडा भरगच्च दिसावा म्हणून काही मामा मधून मधून खेळण्यातल्या नोटा लावायची तडजोड करतात. वरात निघाल्यावर कोणी जवळ येऊन वाचत नाही, ही त्यांची समजूत. पण मुलीकडच्या बाजूला एक आत्या असतेच, जिला चष्म्याशिवायही 'चिल्ड्रन बँक' वाचता येतं.

रिझर्व्ह बँकेला हा दागिना पसंत नाही. नोटांचे हार करू नका, मांडव सजवू नका, समारंभात उधळू नका, असं ती वेळोवेळी सांगत आली आहे. नोटांना पिना मारू नका, असं तर तिने बँकांनाच २००१ साली बजावलं. त्यामुळे नियम पाळणारे कारागीर पिना मारत नाहीत, दोरा वापरतात, आणि एवढ्यावर आपण रिझर्व्ह बँकेचं पूर्ण ऐकलं असं मानतात.

वरातीत नवरदेव मान ताठ धरतो. लोकांना तो रुबाब वाटतो. खरं तर हाराखाली हात गेला तर नोटा तोडतोय असं दिसेल, ही भीती असते. रद्दीची साखळी टाकीपर्यंत जायची. ही छातीच्या खाली जात नाही, पण तिच्यावर सगळ्या मांडवाचे डोळे. नवरदेवाची बहीण एका बाजूने, धाकटा भाऊ दुसऱ्या बाजूने पहारा देतो. नाचणारे मित्र गळ्यात पडले की दोघंही पुढे होतात. रात्री हार उतरतो तो थेट बापाच्या हातात. बायकोच्या मंगळसूत्राच्या पेटीआधी हाराच्या पिशवीला जागा मिळते.

दुसऱ्या दिवशी, सत्यनारायणाच्या आधी, दोरे कापले जातात. एकेक पंखा उलगडतो. उलगडलेली नोट चुण्यांनी अशी उभी राहते की तिची थप्पी लागत नाही. मोजणी तीनदा होते आणि तीनदा पन्नास येतात. मामांना फोन करायचा का, यावर घरात दोन तट पडतात. शेवटी पन्नास तर पन्नास म्हणून त्या बँकेत जातात. कॅशियर मोजायच्या मशीनमध्ये घालतो, मशीन दोन नोटा गिळून थांबतं. तो गड्डी परत खिडकीतून बाहेर सरकवतो.

"काका, सरळ करून आणा."

"लग्नातल्या आहेत हो."

"कळलं ते. इस्त्री करून आणा."

सल्ला चुकीचा नसतो. नोट शुद्ध कापसाची आहे, इस्त्रीचं बटण सुती कापडावर ठेवलं आणि वर रुमाल घातला की चुण्या बऱ्यापैकी जातात. फक्त धाग्याच्या जागी जपायचं. म्हणून नव्या सुनेच्या माहेरची माणसं मांडवपरतणीला येतात तेव्हा दिवाणखान्यात इस्त्रीचं टेबल मांडलेलं असतं. नवरदेव हळद न उतरलेल्या हातांनी नोटा सपाट करत बसलेला असतो. पलीकडे पुढाऱ्यांनी घातलेला दुसरा हार, पाचशेच्या नोटांचा, अजून सोडायचा असतो. नवरदेव मदतीच्या भावनेने तो ओढतो, तेवढ्यात वडील त्याच्या हातातून तो काढून घेतात आणि म्हणतात, "तू दहाच्या कर. पाचशेच्या मी करतो."